शांतव्वाची पदं

गडमुडशिंगीत लिंगायताच्या घरात कुणी गेलं की पाहुण्यांच्या आधी शांतव्वाला निरोप जायचा. ती चिकोडीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी धड बोलता येत नव्हतं, पण मयताच्या वेळी म्हणायची सत्तावीस कन्नड पदं तिला पाठ होती, अज्जीकडून आलेली. देह बसता करून, विभूती लावून विमानात, म्हणजे मयताला बसवून न्यायच्या सजवलेल्या डोलीत, ठेवेपर्यंत ती समोर मांडी घालून म्हणत राहायची. आवाज जाडा, पुरुषी. अर्थ निम्म्या लोकांना कळत नसे, तरी रडणारी माणसं गप्प होऊन ऐकत.

२००२ च्या उन्हाळ्यात तिचा घसा बसला तो सुटेना. मुलगा अमरेश कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फौंड्रीत होता. सुट्टी टाकून त्यानं तिला कोल्हापुरात दाखवलं. कॅन्सर निघाला. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ऑपरेशनला अकरा दिवस होते. अमरेश शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर घेऊन आला.

"अव्वा, आवाज हाय तवर एकदा म्हण की सगळी."

"घरात मढं न्हाय आणि ती पदं म्हणू?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कुणाला घालवायचं हाय तुला?"

त्यानं टेपरेकॉर्डर परत नेऊन दिला. नुसते शब्द सांगायला मात्र ती कबूल झाली. नात शांभवी नववीत होती. कन्नड बोलायची, पण लिपी येत नव्हती. तिनं देवनागरीत वही भरली. शब्द सगळे आले, चाल एकाचीही नाही.

ऑपरेशननंतर शांतव्वाच्या गळ्याला भोक राहिलं. महिनाभर ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. त्यात गल्लीतले रुद्राप्पा किराणेवाले वारले. तिला बोलवायला कुणी आलं नाही. कुणीतरी टाळ आणले आणि मराठी भजन म्हणत त्यांना नेलं. दुसऱ्या दिवशी शांतव्वानं वही काढून शांभवीच्या मांडीवर ठेवली.

"घरात म्हणू?" शांभवीनं विचारलं.

शांतव्वा उठून घरामागच्या परड्यात जाऊन बसली आणि तिला हातानं बोलावलं.

मग रोज शाळा सुटली की दोघी तिथं बसायच्या. शांभवी अंदाजानं चाल लावायची. चुकलं की शांतव्वा मान आडवी हलवायची, गुडघ्यावर ताल धरायची, सूर कुठं चढतो ते हात उंच करून दाखवायची. एकेका ओळीला आठवडा जाई. कधी वैतागून पोरीच्या हातावर फटका द्यायची, मग तोच हात चोळत बसायची. तीन वर्षांत आठ पदं बसली. आठवं पद विमान उचलताना म्हणायचं. त्याला तिनं वर्षभर नकारच दिला. शेवटी एका दुपारी मान डोलावली.

आजार उलटला होता. २००५ च्या दिवाळीआधी शांतव्वा गेली.

शांभवी समोर बसली आणि आठही पदं म्हणाली. आवाज लहान होता, पण थांबली नाही. शांतव्वाची धाकटी बहीण नीलव्वा चिकोडीहून आली होती. सगळं उरकून लोक गेल्यावर तिनं शांभवीला जवळ घेतलं.

"सात बरोबर म्हटलीस. शेवटचं चुकलं. चाल ती न्हाय."

"अज्जीनं हो म्हटलं होतं."

"दमली असंल ती," नीलव्वा म्हणाली.

"मग बरोबर कशी हाय? तुम्ही सांगा की."

नीलव्वानं डोळे मिटले. ओठ हलले, एक सूर निघाला, मोडला. पुन्हा धरून बघितला, तोही सुटला.

"ऐकलं की कळतंय गं," ती म्हणाली. "मला म्हणता येत न्हाय."

पुढच्या वर्षी गावातल्या दोन घरांतून शांभवीला मयताची पदं म्हणायला बोलावणं आलं. अमरेश जा म्हणाला. ती गेली नाही.