चारचौघांत घेतलेलं नाव

धुळ्याच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. कापसाच्या भरल्या गाडीवरून आमचे हे डोक्यावर पडले होते, शुद्ध नव्हती, आणि कारकून मला त्यांचं नाव विचारत होता. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? दीर बाहेर मोटारवाल्याशी बोलत उभे. "बाई, मुक्या आहात का?" कारकून खेकसला. शेवटी मी दिरांना बोलावून आणलं, तेव्हा कुठे नाव लागलं.

महिन्याने घरी सोडायच्या वेळी डॉक्टरांनी ह्यांची परीक्षा घेतली. गाव कोणतं, आज वार कोणता, घरी बैल किती. अडखळत का होईना, ह्यांनी सांगितलं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "यांचं नाव काय?"

ह्यांनी मान खाली घातली. तीनदा विचारलं तरी वर केली नाही. डॉक्टर मुंबईकडचे पारशी. ते दिरांना म्हणाले, "बायकोला विसरले आहेत. हा माणूस पहिल्यासारखा होईल याचा भरवसा धरू नका."

दिरांचा चेहरा उतरला. परतीच्या मोटारीत मी ह्यांच्या कानाशी लागून विचारलं, "खरंच आठवत नाही का?"

हे पुटपुटले, "बायकोनं नाव चारचौघात कोन लेस?"

बायकोचं नाव का कुणी चारचौघांत घेतं! मला हसूही आलं आणि रडूही. एवढा शिकलेला डॉक्टर, पण एवढं कळू नये! माझा माणूस जागेवर होता.

त्या एका वाक्यावर मी पुढचे चार महिने काढले. भरवायचं, धरून परसाकडे न्यायचं. उजेड सोसत नसे म्हणून दारं लावून घ्यायची. डोकं ठणकलं की हे ताट भिरकावत. पूर्वी कधी आवाज चढवला नव्हता. मी फार थकले. सुटका व्हावी असं मनात यायचं, कुणाची ते मी स्वतःलाही विचारत नसे. मग मोटारीतलं ते बोलणं आठवायचं आणि पुन्हा उठायचं.

उन्हाळ्यात एका सकाळी सासरे चार भाऊबंदांबरोबर ओट्यावर बसले होते, हेही तिथेच. मी आत भाकरी थापत होते. एकदम ह्यांनी मला हाक मारली. नाव घेऊन, मोठ्याने, शेतातल्या गड्याला मारावी तशी.

दीर धावत आत आले. "वहिनी, दादा बठ्ठा सुधरना!" दादा पुरते बरे झाले म्हणून सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. ते नाव ह्यांच्या तोंडून एकदा तरी ऐकावं, हळू, दोघांतच, असं मला फार वाटायचं. आता ऐकलं, ते असं. नाव शाबूत होतं. ते घ्यायला लाजणारा माणूस मात्र आता राहिला नव्हता, आणि घरात हे कुणालाच कळलं नव्हतं.

भाकरी तव्यावर करपली. ओट्यावरून पुन्हा हाक आली. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि ओ दिली.