प्लास्टरनंतरची पंधरा मिनिटं

अक्पेनेच्या नाकावर राग होता हे खरं, पण तो उगाच नव्हता. सत्तावीस वर्षं ती जिल्ह्याच्या दवाखान्यात प्लास्टर लावत होती. क्पेतोएपासून टोगोच्या सरहद्दीपर्यंत ज्यांनी ज्यांनी हाड मोडून घेतलं, त्यांतले निम्मे तिच्या हाताखालून गेले होते. कुणी आंब्यावरून पडलेलं, कुणी ओकाडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवरून आपटलेलं, एकजण तर भर मयताच्या मिरवणुकीत नाचताना घसरलेला. सगळे तिला दावी म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे म्हातारेही तिला दावीच म्हणायचे, कारण ती लहानमोठा असा भेद न करता सगळ्यांवर सारखीच ओरडायची.

प्लास्टर लावलं, हात धुतले की स्टूल ओढून रोग्यासमोर बसायचं, ही तिची पद्धत. मग पंधरा मिनिटं साध्या एव्हे भाषेत बोलायचं. "बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या, तर उजाडायची वाट बघू नकोस, तसाच नीघ. आत काडी घालून खाजवलंस तर दुसरा पाय मी मोडीन. चार आठवड्यांनी याच वारी यायचं. मी हाडाचा फोटो बघून सांगेपर्यंत हा पाय जमिनीला लावायचा नाही." आणि शेवटी, "आता तू मला सांग. मी बहिरी म्हातारी आहे असं समज." रोगी चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

मग अग्बेन्यो साहेब व्यवस्थापक म्हणून आले, आणि त्यांच्याबरोबर ते पान आलं.

हाड मोडलेल्या रुग्णांसाठी दवाखान्याच्या वेबसाइटवर माहितीचं पान. कुठल्याशा थंड देशातल्या मोठ्या दवाखान्याच्या पुस्तिकेतून जसंच्या तसं उचललेलं. राजधानीतून आलेल्या तपासणाऱ्यांनी त्याला शंभरात चौऱ्याण्णव गुण दिले, कारण त्यात वैद्यकशास्त्राची एकही चूक नव्हती. वाचून कळतं का, याला गुणच नव्हते. साहेबांनी ते प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीला लावलं, आणि प्रत्येक रोग्याच्या हातात पानाचा पत्ता छापलेली चिठ्ठी द्यायचा हुकूम काढला.

अक्पेनेनं ते पान चष्मा लावून दोनदा वाचलं. पान म्हणत होतं, 'अस्थिसंधान क्ष-किरणचित्रात दृग्गोचर झाल्यावर भारवहनास क्रमशः आरंभ करावा. संधानाचा कालावधी व्यक्तिपरत्वे भिन्न असतो. पुढील तपासणी उपचारकर्त्याच्या सल्ल्यानुसार.' होतं ते इंग्रजीत, पण मराठीत आणलं तर त्याची चव अशीच लागते.

"साहेब, हे कुणासाठी लिहिलंय?" तिनं विचारलं.

"रुग्णांसाठी, दावी. वरच लिहिलंय ना." साहेब हसले. "आता तुम्ही फक्त प्लास्टर लावा. बाहेर केवढी रांग लागते बघा. बोलायचं काम पान करेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी महिनाभर ती चोरून बोलतच राहिली, साहेबांची पावलं वाजली की गप्प व्हायची.

सेन्यो आला तो नेमका साहेबांचा पाहुणे फिरवायचा दिवस होता. सेन्यो क्पेतोएचा विणकर, केते कापडाच्या पट्ट्या विणणारा. ओकाडाखाली सापडून त्याची उजवी नडगी मोडली होती. विणकराचं निम्मं काम पायाचं. मागाच्या दोऱ्या पायाच्या बोटांत धरून खालीवर ओढाव्या लागतात, तेव्हा धागा बसतो. म्हणून तो वेदनेत कण्हतानाही एकच विचारत होता, "दावी, माग कधी?"

अक्पेनेनं मांडीपासून बोटांपर्यंत सुरेख प्लास्टर लावलं. हात धुतले, स्टूल ओढलं, आणि दारात साहेब पाहुण्यांसह उभे दिसले. "आणि इथे आमचे रुग्ण माहिती डिजिटल पद्धतीनं घेतात," ते सांगत होते. अक्पेनेनं स्टूल पायानं मागे सारलं आणि सेन्योच्या हातात चिठ्ठी ठेवली.

"सगळं यात आहे," ती म्हणाली.

चोवीस दिवसांनी सेन्यो परत आला. पायाला प्लास्टर नव्हतं. नडगी मधोमध बाहेरच्या अंगाला वाकली होती आणि वर कातडी तकतकत होती. सोबत त्याची आई यावा होती, हाताची घडी घालून, भांडायच्या तयारीत.

"प्लास्टर कुणी काढलं?" अक्पेने ओरडली.

"मी काढलं," आई म्हणाली. "बादलीत भिजवून सुरीनं कापलं."

"तुला कुणी सांगितलं गं कापायला?"

"कोंबडीनं," यावा म्हणाली.

बाकीचं तिनंच सांगितलं. यावाच्या सुनेनं ते पान फोनवर दोनदा वाचलं होतं. सून मिडल स्कूल शिकलेली, बिचारी शब्दाशब्दावर अडखळली. शेवटी यावा गावातल्या हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. त्या तोग्बेनं, म्हणजे आजोबानं, प्लास्टरला हात लावला नाही. त्यानं आपल्या रीतीप्रमाणे एका कोंबडीचा पाय मोडला, त्याला कामट्या बांधल्या आणि सांगितलं, ही चालायला लागली की समज तुझ्या मुलाचं हाड जुळलं. कोंबडी विसाव्या दिवशी अंगणभर फिरली. एकविसाव्या दिवशी सेन्यो मागावर बसला. मागावर बसल्यापासून तिसऱ्या दिवशी उठताना पाय अंगाखाली वाकला.

"कोंबडीचं हाड आणि माणसाचं हाड एक का?" अक्पेनेचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला. "त्याला चार महिने लागतात. चार!"

"मग तसं सांगायचं होतं," यावा म्हणाली.

अक्पेनेनं सेन्योला चाकांच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची ढकलत थेट साहेबांच्या खोलीत नेली. दार तिनं खुर्चीनंच उघडलं.

साहेबांनी पाय बघितला. "अरेरे. पण पानावर तर स्पष्ट लिहिलं होतं."

"वाचा," अक्पेने म्हणाली. "आणि हिला एव्हेत सांगा."

साहेबांनी फोन काढला, घसा खाकरला. "हाड जुळल्यावर हळूहळू भार द्यायचा."

"जुळलं हे कसं कळायचं?" यावानं विचारलं.

"फोटोत दिसतं. तो काढायला इथे यायचं."

"कधी?"

साहेबांचं बोट काचेवर खालीवर फिरलं. "उपचार करणाऱ्यांच्या सल्ल्यानं."

"उपचार कुणी केले?"

"आम्हीच केले."

"मग सल्ला कुठाय?"

"पानावर..." साहेब पुन्हा वरपासून शोधू लागले.

"म्हाताऱ्याचं चुकलं असेल," यावा म्हणाली. "पण त्यानं सांगितलेलं मला कळलं होतं."

साहेबांनी फोन पालथा ठेवला आणि अक्पेनेकडे वळून म्हणाले, "दावी, असल्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावणं ही तुमची जबाबदारी नाही का?"

टेबलावर एक काचेचा जड पेपरवेट होता. तो उचलायचा अनिवार मोह अक्पेनेनं कसा आवरला ते तिलाच ठाऊक. "असले लोक?" ती म्हणाली. "तुमची आई याच गल्लीत मक्याच्या पिठाचं आक्प्ले विकायची, साहेब. तिला वाचून दाखवा हे पान, आणि तिला कळलं तर मी उद्या घरी बसते." तिनं खुर्ची वळवली. साहेब मागून काहीतरी शिस्तीबद्दल बोलत होते.

दवाखान्याच्या डॉक्टरनं फोटो काढून निकाल दिला. मोठ्या शहरात न्यावं लागेल. हाड पुन्हा मोडून आत धातूची पट्टी बसवतील. पाय बोटभर आखूड राहील. बोटांना पूर्वीसारखी दोरी धरता येईल का, हे कुणी सांगू शकत नव्हतं. गाडी दुपारी यायची होती.

अक्पेनेनं बाहेरच्या रांगेला थांबायला सांगितलं, प्लास्टरच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि स्टूल ओढून सेन्योसमोर बसली. शहरात काय करतील, परत आल्यावर काय करायचं, काय अजिबात नाही करायचं, परत कोणत्या दिवशी यायचं, सगळं सांगितलं. सेन्योनं न चुकता पहिल्याच फटक्यात परत म्हणून दाखवलं. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"एवढंच."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. अक्पेनेनं साहेबांचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण ते नाव पुरेसं नव्हतं.

"साहेब दारात उभे होते," ती म्हणाली. "मी घाबरले."

सेन्योनं समजल्यासारखी मान हलवली. ती मान बघून तिच्या डोक्यात सगळ्यात मोठी तिडीक गेली, आणि या वेळी ती कुणावर आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.