दर गेटावर उतरणारी माही बहीण

माही लहान बहीण रंजीता चंद्रपुरात बॅटरीची रिक्षा चालवते. आमच्या धानोऱ्याकडच्या गावातून शहरात जाऊन रिक्षा चालवणारी पहिली बाई तीच. दुसरी अजून झाली नाई. तिले गाडी हाकणं मी शिकवलं, धानाच्या बांदीत, ट्रॅक्टरवर. मी सातवीपर्यंत शिकलो, पण गावात ट्रॅक्टरवर पयले मीच बसलो होतो, हे कोणालेही विचारा, माहंच, लालसूभाऊचं नाव सांगतीन.

रंजीता दहावी झाली. लगन होऊन चंद्रपूरले गेली. जावई बांधकामावर जातेत. तिथच्या बचत गटाच्या बायायनं मिळून रिक्षा आणली, अन् चालवाची कोणी म्हणून सगळ्या एकमेकीच्या तोंडाकडे पाहून राह्यल्या. ही उठली अन् बसली. तवापासून स्टेशन ते महाकाली मंदिर तिची रिक्षा चालते. चैताच्या जत्रेत बसाले जागा नसते, बाकी वर्षभर निम्मा दिवस रिकामी उभी रायते.

म्हणून हरिदासभाऊचं काम तिले पाह्यजे होतं. बस स्टँडजवळ या माणसाचं लॉज आहे. ताडोब्यात वाघ पाहाले येणारे तिथी उतरतेत. सकाळी जंगल पाहून आले का दुपारभर रिकामे. त्यायले रिक्षात बसवून शहराभोवतीचा चार गेटायचा जुना किल्ला दाखवाचा, असं हरिदासभाऊच्या मनात आलं. दोघायले एकएक फेरी देतो म्हणे, एक रंजीताले, एक दुसऱ्या रिक्षावाल्याले, बिरजूले. ज्याची फेरी बरी, त्याले बाराही महिने काम. बिरजूची फेरी होऊन गेली होती. साडेतीनाले निघून पाचच्या आत चारही गेट दाखवून आणले होते त्यानं.

रंजीताच्या फेरीले मी होतो. कामानं चंद्रपूरले आलो होतो, म्हटलं पाहू तं खरं. मी पुढं तिच्या बाजूनं बसलो. मागं नाशिककडच्या सत्यशीलाबाई अन् त्यायचे साहेब. साहेबाच्या गळ्यात मोठा कॅमेरा.

जटपुरा गेट आलं. तिथी गर्दी कशी असते ते पाह्यलेल्यालेच मालूम. रंजीतानं रिक्षा कडेले घेतली, डब्यातून पळसाचं पान काढलं, उतरली, दरवाज्याच्या दगडापाशी पान ठेवलं, हात टेकवून गोंडीत काही बोलली. मागून हॉर्न सुरू. एक जण ओरडला, "ओ बाई, घर आहे का तुह्यं इथी?"

"आहे ना, बाबूपेठीत," ती म्हणे, अन् सावकाश येऊन बसली.

सत्यशीलाबाईनं विचारलं, "काय केलंत हो?"

"आमच्या गावची रीत आहे बाई. परका माणूस सोबत आणला, तं सिवेवर उतरून सांगाव लागते, कोण आलं, कुठून आलं. न सांगता आत नेत नाई."

"मग देवळाचे प्रवासी नेता तेव्हा?"

"त्यायले देवीनं बोलावलेलं असते. तुमी फिराले आले."

साहेब हासले. मी मागं वळून सांगतलं, हा किल्ला गोंड राजायनं बांधला, म्हणजे आमच्याच लोकायनं, सांगाव तं लागनच. साहेबानं घड्याळ पाह्यलं.

अंचलेश्वर गेटावर पुन्हा उतरली. पुन्हा पान. तिथून राजायच्या समाध्या दाखवल्या. साहेब दगडावरच्या कोरीव कामाचे फोटो काढत बसले, ते काही लवकर उठले नाई. पण टाइम गेला तो पानायनं गेला, असं त्यायनं नंतर सांगतलं. पठाणपुरा गेटाले पोचलो तं हरिदासभाऊचा फोन.

"रंजीताबाई, कुठी आहे वो? पाच वाजले!"

"पठाणपुऱ्यावर आहो भाऊ. सांगून राह्यली."

"कोणाले सांगून राह्यली?"

"दरवाज्याले."

हरिदासभाऊनं फोन ठेवला.

सत्यशीलाबाई खाली उतरल्या. "मला द्या ना एक पान. मी ठेवते. अहो, फोटो काढा."

रंजीतानं डबा बंद केला. "तुमी नका ठेवू बाई. तुमचं मी सांगतलं. पाहुण्यानं सोता ठेवाची रीत नाई."

"फोटोपुरतं हो."

"फोटो दरवाज्याचा काढा. चांगला येते."

बाईचं तोंड थोडंसं पडलं. बिनबा गेट राहूनच गेलं. आमी लॉजवर परत आलो.

साहेब म्हणे, चार गेट सांगितले, तीनच दाखवले. सत्यशीलाबाई म्हणे, तेवढं पानाचं मात्र छान होतं, आम्हाला करू दिलं असतं तर. ते आत गेल्यावर हरिदासभाऊ खुर्चीवरून उठले. मले वाटलं चिडतीन. चिडले नाई.

"रंजीताबाई, हे पानाचं तं भारी आहे. असं कर, पान त्यायच्या हातानं ठेवून घे. डोक्याले फेटा बांधून दे, फोटो काढू दे. उशीर झाला तं झाला. काम तुह्यं, पक्कं."

रंजीतानं माह्याकडे पाह्यलं. आमच्या घरच्या माणसाले शिकवाव लागत नाई.

"पान मीच ठेवीन भाऊ," ती म्हणे. "फेटा नाई."

"मंग बिरजूले सांगतो मी."

"सांगा."

झालं. काम बिरजूले गेलं. रंजीतानं दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनवर रिक्षा लावली.

दिवाळीनंतर मी पुन्हा चंद्रपूरले गेलो. तिनं बस स्टँडवरून मले घेतलं. जटपुऱ्यावर रिक्षा कडेले लावली अन् पान घेऊन उतरली. मागं बिरजूची रिक्षा, त्यात फेटे बांधलेले चार पाहुणे.

"ओ रंजीताबाई, काढ ना वो गाडी!" बिरजू ओरडला. "तुह्यं गिऱ्हाईक कुठी आहे?"

"माहा भाऊ आहे!" ती तिथूनच म्हणे.

अन् मंग तिनं दरवाज्याले माहं नाव सांगतलं, बापाचं सांगतलं, गावाचं सांगतलं. हॉर्न वाजत होते. मी पाय पसरून बसलो. पूर्ण सांगून होईपर्यंत सगळे थांबले.