पाण्याला आलेली दुसरी रेघ

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. बीएस्सी केमिस्ट्री झालेली बाई मी, लिंबू-मिरची फक्त लोणच्यात घालते! तरी हे लिहितेय...

मिल एकामागून एक बंद पडत होत्या तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात एका शेडमध्ये आम्ही गरोदरपण तपासायची कार्डं बनवायचो. प्लास्टिकमध्ये केसासारखी बारीक नळी, थेंब टाकला की तो आपोआप आतल्या पट्टीपर्यंत सरकायचा. एक रेघ म्हणजे कार्ड ठीक, दोन म्हणजे दिवस गेलेत. मी टेस्टिंगला होते. दादाची मिलमधली नोकरी सुटली तेव्हा वहिनीलाही तिथेच चिकटवलं.

नवीन लॉट आला की आधी साध्या पाण्यावर बघायचा. पाण्याला एकच रेघ यायला हवी.

त्या दुपारी वहिनीने पाणी टाकलं... दोन रेघा! मी त्याच ग्लासातलं, त्याच ड्रॉपरने टाकलं — एक. पुन्हा तिने — दोन.

शेडचे मालक शेठजी भडकले. "अरे, पानी के पाँव भारी हो गए क्या? हाथ धोके आओ!"

तिने साबणाने हात धुतले, ग्लव्हज घातले. तरी दोन. आता मात्र मला भीती वाटायला लागली.

"वहिनी, तुझीच टेस्ट करू."

"काहीतरीच मंजू! इतक्या वर्षांत नाही झालं, आता काय होतंय? पोट मात्र सकाळपासून दुखून राहिलंय."

तिच्या कार्डावर एकच रेघ. दुसऱ्या कंपनीच्या कार्डावरही एकच.

"लॉट खराब है। इनको घर भेजो," शेठजी म्हणाले. पण वहिनीचे ओठ पांढरे पडले होते, आणि माझी नजर त्या पाण्याच्या कार्डांवरून हटेना. मी तिला रिक्षात घातलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

गर्भ पिशवीत न उतरता नळीतच राहिला होता, नळी फुटून पोटात रक्त साचलेलं. ताबडतोब ऑपरेशन झालं. "अशा केसमध्ये टेस्ट कधीकधी चुकते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी झोपवलं असतं तर गेल्या असत्या." पाण्याचं विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या.

वहिनी कामावर परतली तेव्हा त्याच लॉटची कार्डं मी मुद्दाम तिच्यापुढे ठेवली. खूप डोकं खाजवलंय मी यावर, पुस्तकंही धुंडाळलीत — उत्तर आजतागायत नाही.

तिने थेंब टाकला. आम्ही दोघी कार्डावर वाकून बसलो.

एकच रेघ आली.

"गेलं गं मंजू," वहिनी म्हणाली, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच रडली.