सांगलीहून चौकशी येईना

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी संगणक विभागात लागले तेव्हा त्या विभागात माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. मला ते बरंच वाटलं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी जरा पुस्तकी होतं. कॅन्टीनमध्ये ते ऐकून कोणी हसलं की पुढचे काही दिवस मी डबा टेबलावरच खात असे. यंत्रांच्या खोलीत हसणारं कोणी नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि इंटरनेट म्हणजे काय हे लोकांना अजून समजावून सांगावं लागे. मी सांगायची ते असं. तिथे प्रत्येक ठिकाणाला नाव असतं, पण संगणकाला नाव कळत नाही, आकडा कळतो. म्हणून नाव ऐकून आकडा सांगणारं एक यंत्र मध्ये लागतं. आमचं ते यंत्र माझ्या टेबलाशेजारी लोखंडी कपाटावर होतं. कोणी काहीही उघडायला गेलं की पहिली चौकशी त्याच्याकडे येई, ते आकडा देई, मग पुढचा प्रवास.

त्या वर्षी हिशेब खात्यात ई-मेलच्या टपालाबरोबर एक व्हायरस आला आणि अख्खं खातं आठवडाभर हातानं बिलं लिहीत बसलं. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. "फुकट टपालाची जेवढी ठिकाणं आहेत तेवढी बंद. गाण्यांची, खेळांचीही." मी ती सगळी नावं यंत्राला देऊन ठेवली. ही विचारली तर आकडा सांगायचा नाही, एवढंच.

कारखान्याबाहेरून फोनच्या लाईनवर आमच्याशी जोडले जाणारे तिघे होते. उंब्रजला घरून काम करणारा दुरुस्तीचा इंजिनियर, कुंडलचा विक्री प्रतिनिधी आणि सांगलीचा डेपो. संध्याकाळ झाली की मोडेम किरकिरायला लागे आणि एकेक जण आत येई, आमच्यातूनच पुढे इंटरनेटवर जाई. उंब्रज आणि कुंडल बंद केलेली नावं विचारत, नकार मिळाला की परत विचारत, मग कंटाळून जात. सांगली मात्र वेगळी वागू लागली. डेपो शिल्लक मालाचे आकडे पाठवी, मग बराच वेळ जोडलेला राही, पण आमच्या यंत्राला एका शब्दानं काही विचारत नसे. पाहुणा तासभर बसतो आणि पाणीसुद्धा मागत नाही, तेव्हा समजावं की त्याची सोय शेजारी झालेली आहे. सांगलीच्या संगणकात कोणीतरी आमच्या यंत्राचा क्रमांक पुसून बाहेरच्या कुठल्या तरी यंत्राचा घातला होता. जे आम्ही सांगत नव्हतो ते तिकडून कळत होतं.

मी साहेबांना सांगितलं. ते फाईलमधून वर न बघता म्हणाले, "मशीन उचला तिथून. सोमवारी टेम्पो जातोय, परत येताना घेऊन येईल. पूर्वीसारखे फोनवर आकडे सांगू देत."

"सर, मी आधी जाऊन बघते," मी इंग्रजीत म्हणाले. तेव्हा मला धीट व्हायचं असलं की इंग्रजीतच व्हावं लागे.

"सोमवारच्या आत बघा."

शनिवारी एसटीनं सांगलीला गेले. डेपो मिरज रस्त्याला होता. पुढं पंपांचं गोदाम, मागं दोन खोल्या, आणि त्यात डेपो सांभाळणारे काका आणि त्यांची बायको राहत. काका सैन्यात सिग्नलमधून, म्हणजे तार-टेलिफोनच्या तुकडीतून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. संगणक गोदामाच्या कोपऱ्यात, शिवलेल्या कापडी झाकणाखाली. वरच्या भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर.

"आवं मॅडम, तुमी कशाला तरास घेतलासा? फोन केला असता तर मीच आलो असतो की," काका म्हणाले. मी काय विचारायचं ते बसमध्ये दहादा जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी नुसता पडद्यावरचा क्रमांक दाखवला.

"व्हय, ते मीच बदललंय," ते म्हणाले. लपवायचं काही असतं हेच त्यांच्या गावी नव्हतं. "तुमचं मशीन न्हाई म्हणतंय. मग दुसऱ्याला इचारलं. स्टेशन रोडला पोरीच्या मैतरणीच्या भावाचं इंटरनेटचं दुकान हाय, त्यानं नंबर दिला. ट्रंक कॉलच्या टायमाला न्हाई का, सातारा एक्सचेंज लाईन देईना झालं की आमी कराडला सांगायचो, बाबा तू जोडून दे. त्यात वावगं काय?"

मी सांगायला लागले की त्यात वावगं आहे, कारण सातारच्या एक्सचेंजनं लाईन मुद्दाम दिलेली नाही. बंद केलेल्या वाटेनं रोग येतो. सांगलीच्या संगणकात आला की फोनच्या तारेवरून तो कारखान्यातही येईल. हे सगळं मी मराठीत सांगितलं आणि मधेच अडखळले, पण ते हसले नाहीत. शिपायानं हुकूम ऐकावा तसे ऐकत राहिले.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. "ह्येला काय कळतंय त्या रोगातलं," नवऱ्याकडे मान करून त्या म्हणाल्या. "सायकलचं पंक्चर काढायला दुकानात जातंय आणि लायनीचं ग्यान सांगतंय. बसा बाई, च्या घ्या. आमची पोरगी मस्कतला नर्स हाय. मिरजंत शिकली. सातवा संपत आलाय तिला. डाक्टरनं पडून ऱ्हायला सांगितलंय आणि जावई दिवसभर कामावर. मला काय जाता येत न्हाई. तिची चार ओळीची चिठ्ठी येती त्या फुकटच्या टपालात, ती ह्यातनं बघतो."

काकांनी न सांगता ती उघडून दाखवली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. जयभीम आई, जयभीम आप्पा, आज पाय कमी सुजले. काकूंना वाचता येत नव्हतं. काका सैन्यात रोमन अक्षरांतली हिंदी शिकलेले, त्या जोरावर ते एकेक शब्द जुळवून वाचून दाखवत. मी विचारलं, कागदावर छापून का घेत नाही, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचता येईल.

"कागद कंपनीचा हाय," काका म्हणाले.

मी म्हटलं हा क्रमांक काढावा लागेल. त्यांनी वाद घातला नाही. स्वतःच बसले आणि जुना क्रमांक परत घातला, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. काकूंनी अर्ध्या भरलेल्या कपबशा उचलल्या आणि आत गेल्या. मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या, साताऱ्याची गाडी कुठून मिळते तेवढं सांगून परत गेल्या. मला वाटलं होतं त्या विनवणी करतील. तेवढ्याची तयारी मी करून ठेवली होती.

बसमध्ये मला दोन गोष्टी दिसत होत्या. एक, काकांनी क्रमांक परत घातला एवढ्यानं भागणार नव्हतं. आज सांगली, उद्या कुंडल. नावांची चौकशी नेहमी एकाच ठरलेल्या खिडकीतून बाहेर जाते, तेव्हा बंदोबस्त खिडकीवरच करायला हवा. बाहेरून जोडलेल्या कोणीही आमचं यंत्र सोडून दुसऱ्याला नाव विचारलं तर ती चौकशी कारखान्याच्या दारातच थांबली पाहिजे. मग कोणी काहीही क्रमांक घालो. दुसरी गोष्ट, हे मी नीट केलं की त्या बाईपर्यंत पोरीची चिठ्ठी पोचण्याची शेवटची वाटही मीच बंद केलेली असेल.

पहिलं काम मी रविवारी कारखान्यात जाऊन केलं. सोमवारी सकाळी साहेबांच्या दारात उभी राहिले.

"सर, आता बाहेरून कोणालाही वळसा घालता येणार नाही. मी तपासून बघितलंय. मशीन उचलायची गरज नाही."

"बरं."

मी हलले नाही. त्यांनी वर बघितलं. मग मी त्यांना मस्कतचं सांगितलं, आणि तेही मराठीत, कारण पडून राहायला सांगितलेल्या पोरीचं इंग्रजीत सांगितलं तर ते रजेच्या अर्जासारखं वाटलं असतं. त्या मुलीनं डेपोच्या, म्हणजे कंपनीच्याच पत्त्यावर लिहावं. टपाल आमच्या यंत्रातून तपासून जाईल. सोबत काही जोडलेलं असलं तर यंत्र ते आपोआप काढून बाजूला ठेवील, नुसती अक्षरं पुढं जातील.

"आज ह्यांची मुलगी. उद्या कुणाचा मेहुणा."

"मेहुण्याला नाही म्हणू, सर."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं. "नुसती अक्षरं," ते म्हणाले. "आणि जबाबदारी तुमची."

आता मुलीला नवा पत्ता कळवायचा होता आणि ते मलाच करावं लागणार होतं. तिचा पत्ता काकांकडून फोनवर घेतला. मी तोपर्यंत मराठीत कोणाला पत्र लिहिलं नव्हतं. शाळेत 'माझी सहल' लिहिली होती, तीही ताईनं सांगितलेली. इंग्रजी अक्षरांत लिहायचं म्हटल्यावर ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती गेली. मी लिहिलं, तुमची आई बरी आहे, चहा छान करते, यापुढे या पत्त्यावर लिहा. 'चहा छान करते' पुसलं, मग परत घातलं.

उत्तर येईना. रोज संध्याकाळी सांगली जोडली जाई, आता शहाण्यासारखी आमच्याच यंत्राला विचारी, आणि माझ्याकडे तिला द्यायला काही नसे. काका फोनवर मालाचे आकडे पक्के करून घेत आणि शेवटी म्हणत, "बाकी काय न्हाई न्हवं?" मी नाही म्हणे. "असू दे, असू दे," असं तेच मला सांगत. एकदा मागून काकूंचा आवाज आला, "त्या पोरीला सारखं इचारू नगंसा. तिला काय करमत आसंल व्हय?"

मुलीला दवाखान्यात ठेवलं होतं, हे नंतर कळलं. एका दुपारी तिच्या नवऱ्याचं टपाल आलं. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, लहानखुरी आहे, दोघी ठीक आहेत. त्यासोबत एक फोटो होता. माझ्या यंत्रानं नियमाप्रमाणे तो काढून बाजूला ठेवला आणि अक्षरं सांगलीला पाठवून दिली.

मी फोटो वेगळ्या संगणकावर नेऊन तपासला. त्यात फोटोशिवाय काही नव्हतं. तरी नियम नियम होता आणि तो मीच मांडला होता. साहेबांना बोलावून आणलं. ते वाकून बघत राहिले. कपड्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं, कपाळावर दाट जावळ.

"कोणावर गेलंय?" त्यांनी विचारलं.

"अजून सांगता येत नाही, सर."

"फ्लॉपीत घाल," ते म्हणाले. मला पहिल्यांदाच ते 'अहो' सोडून बोलले. "लाईनवरून नको. टेम्पोत नको, फ्लॉपी खराब होते. तूच जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी सांगलीत काकू पदर खोचून संगणकासमोर स्टुलावर बसल्या. मी शेजारी उभी राहिले तर म्हणाल्या, "बस गं पोरी, हुबी का?" आणि अर्धं स्टूल मोकळं केलं. काका पाठीमागे हात बांधून उभे. फ्लॉपी घरघरली. त्या काळात फोटो एकदम उघडत नसे, वरून खाली पट्टीपट्टीनं उतरे. आधी दवाखान्याची पांढरी भिंत आली. मग केस.

"जावळ बग किती," काका म्हणाले.

"गप बसा जरा." काकूंनी माझा हात धरला. पाठोपाठ कपाळ उतरलं, मग मिटलेल्या डोळ्यांची एक बारीक रेघ. फ्लॉपी तिथे थांबली, पुन्हा घरघरायला लागली. काकू पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचा हात माझ्या हातावर, खाली यायच्या राहिलेल्या नाकासाठी, तसाच घट्ट होता.