हरळीचं लॉन

आमच्या हिंगणघाटच्या घरासमोरचं लॉन मी उन्हाळ्याच्या तोंडावर काटेकोर सांभाळते. पाणी पहाटेच, कापणी जरा उंच, खत बंद. गेल्या वर्षी मुलीचं साक्षगंध त्याच लॉनवर ठरलं. रविवारी तळेगावहून मुलाकडची माणसं येणार होती. नेमकं आभाळ आलं, दमट उकाडा सुरू झाला आणि गवतात अळी दिसली.

मंगळवारी संध्याकाळी धाकटे दीर अल्लीपूरहून फवारणीचा पंप घेऊन आले. शेती तेच बघतात. मी निंबोळी अर्क कालवून ठेवला होता.

“काऊन वहिनी, ज्या हरळीले आमी शेताच्या धुऱ्यावरून खोदून काढतो, तिलेच तुमी औषध पाजता?”

“पाजते. तुम्ही फवारा भाऊजी, अंधार पडेल.”

त्यांनी फाटकापासून सुरुवात केली. संपत आलं तेव्हा माझं लक्ष पंपाकडे गेलं. त्यांचा पंप निळा, हा पिवळा.

“हा कोणाचा?”

“शेजाऱ्याचा. माहा बिघडला.”

“त्याने यातून आधी काय मारलं होतं?”

भाऊजींचा हात थांबला. त्यांनी लगेच स्पीकरवर फोन लावून तेच विचारलं. पलीकडे शेजारी निवांत होता.

“धुऱ्यावरची हरळीच मारली ना गा. काऊन?”

“पंप धुतला होता का?” भाऊजींनी विचारलं.

“खंगाळला असंन. तळाशी राह्यलं असंन थोडंसं.”

बांधावर मारायचं तणनाशक पात्यावर वाळलं की मुळापर्यंत उतरतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते वाळायच्या आत धुऊन काढायला हवं होतं. नळ गुरुवारी येणार होता. घरात पाणी होतं ते फक्त वरच्या टाकीत.

“आई, उद्या मावशी येतेय मुलांना घेऊन,” मुलगी म्हणाली. “अंघोळीचं काय?”

“ते उद्या बघू. आधी पाइप आण.”

भाऊजी पाइप मारत होते, मी खराट्याने पाणी कडेच्या नालीकडे लोटत होते. शेवटी पाइपातून नुसती हवा फुसफुसली.

बुधवारी काही दिसलं नाही. गुरुवारीही नाही. काम टाकून मी पुन्हा पुन्हा बाहेर जायची, वाकून पाती चाळायची. भाऊजींचा गावाहून फोन यायचा. “पिवळं पडलं का?” एवढंच विचारायचे आणि ठेवायचे.

शुक्रवारी पडलं. फाटकाजवळ, जिथे पंपाच्या तळातलं पहिलं पाणी बसलं होतं, तिथे खाटेएवढा पट्टा पिवळा झाला. शनिवारी तो आणखी उठून दिसायला लागला, पण पसरला नाही. बाकीचं लॉन हिरवं होतं. मी खुर्च्या आतल्या बाजूला सरकवल्या.

रविवारी पाहुणे आत आले तेव्हा पिण्याच्या पाण्याचे जार त्या पट्ट्यावर ओळीने मांडलेले होते. नवा शर्ट घालून भाऊजी तिथेच उभे राहून प्रत्येकाला ग्लास देत होते. अंगठ्या घालून झाल्या, पंगत बसली, तरी ते हलेनात.

“भाऊजी, चला ना जेवायला.”

“तुमी आटपा वहिनी. पावणे गाडीत बसले का मंग जेवतो मी.”