उजवीकडचं पान

डॉक्टरताई जाऊन आता चार वर्षं होतील. त्यांच्या भाच्याने परवा मला गाठून सांगितलं, "काका, मावशीबद्दल दोन पानं लिहून ठेवा. तुमच्याइतकं तिला कुणी ओळखत नव्हतं." हे काही खरं नाही. मी त्यांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं कवळ्या केल्या, पण त्यातली बहुतेक वर्षं मागच्या खोलीत, दाराकडे पाठ करून. तरी नाही म्हणायला जमलं नाही. लिहिण्यात कमीजास्त झालं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

मागच्या खोलीत एक लांब टेबल, प्लास्टरचं पोतं, मेण वितळवायचा दिवा आणि खिडकीत वाळत ठेवलेले हिरड्यांचे साचे. ताई मला 'मिस्त्री' म्हणत. "डॉक्टर खड्डे करतो, घर मिस्त्री बांधतो," असं त्या पेशंटना सांगायच्या. मी पेशंटसमोर जात नसे. मला माणसांसमोर काय बोलावं ते सुचत नाही, आणि ताईंनी कधी तसा आग्रहही धरला नाही. माणूस माझ्यापर्यंत यायचा तो त्यांच्या वहीतून.

ही वही म्हणजे जाड पुठ्ठ्याचं, आडव्या रेघांचं साधं रजिस्टर. डावीकडच्या पानावर दातांची माहिती: कुठला आहे, कुठला नाही, हिरडी कशी, चावा कसा. उजवीकडचं पान माणसाचं. नवीन पेशंट आला की ताई त्याला खुर्चीत झोपवत नसत. खिडकीपाशी दोन लाकडी खुर्च्या होत्या, तिथे समोरासमोर बसायचं. "आधी बोलायला तोंड उघडा, तपासायला मग उघडू," म्हणायच्या आणि मांडीवर वही घेऊन पेन्सिलीने लिहायला लागायच्या. लिहायच्या ते समोरच्याच्याच शब्दांत. आपले डॉक्टरी शब्द डावीकडे.

त्यातली काही पानं मला अजून आठवतात. 'सुनेसमोर जेवत नाहीत. ताट खोलीत नेतात.' 'हसताना ओठ मिटून घेतात, सवय जुनी.' एकदा नुसतंच, 'बायको बोलू देत नाही. तिला बाहेर बसवून परत विचारणे.' हे वाचून मी एकटाच हसलो होतो. पण त्या गृहस्थांची कवळी करताना त्याचा उपयोग झाला, कारण दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं, की त्यांना चावायचं दुखणं नव्हतंच. त्यांना बासरी वाजवायची होती.

लिहून झालं की ताई वाचून दाखवायच्या. "आता मी काय लिहिलंय ते ऐका. चुकलं असेल तर भांडा माझ्याशी."

लोक भांडायचेही. एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कवळी दुखते असं मी म्हटलंच नाही."

"मग काय म्हणालात?"

"कवळीचा राग येतो म्हटलं."

ताईंनी 'दुखते' वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'राग येतो'. खोडरबर त्या वापरत नसत. खोडलेलंही दिसलं पाहिजे, म्हणजे आपण काय चुकीचं ऐकलं होतं ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. मग ती वही घेऊन त्या माझ्याकडे यायच्या, टेबलाच्या कडेला टेकून मला वाचून दाखवायच्या आणि वही माझ्यापुढे उघडी ठेवून जायच्या. ती पानं समोर ठेवून मी मेणात दात बसवायचो. त्यांना शंका असली की अक्षर बारीक व्हायचं. चिडल्या असल्या की पेन्सिलीचं टोक मोडलेलं असायचं, तिथे कागदावर भोक दिसायचं.

माझ्या नोकरीची साताठ वर्षं राहिली असतील तेव्हा भाचा शिकून आला. मुलगा हुशार, हात माझ्यापेक्षा हलका. त्याने संगणक आणला. त्यावर एक तक्ता होता, त्यात रंग, आकार, चावा, सगळं टिचकीसरशी भरता यायचं. पेशंट बोलायचा, हा पडद्याकडे बघून टकटक करायचा. मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, छापील कागद यायचा, अक्षर लावावं लागायचं नाही. ताईंची नजर अधू होत चालली होती, त्या आठवड्यातून दोनच दिवस यायच्या. रजिस्टरं दोरीने बांधून माळ्यावर गेली.

मग शिवणकामवाल्या काकू आल्या. आमच्याच रस्त्यावर त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं, आणि त्याला लागून त्यांच्या यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं. दोन्ही आता बंद. काकू मोठ्या दुखण्यातून उठल्या होत्या, आणि त्या दुखण्यात सरकारी रुग्णालयात त्यांचे होते नव्हते ते सगळे दात काढले होते. भाच्याने माप घेतलं, तक्ता भरला. मी कवळी केली. खोटं कशाला बोलू, माझ्या हातून झालेली ती सगळ्यात देखणी कवळी होती. एका ओळीत, मोत्यासारखे दात. काकूंनी आरशात पाहिलं आणि खुशीत घरी गेल्या.

आठ दिवसांनी त्या परत आल्या, सोबत मुलगी. तो ताईंचा दिवस होता. मी दार अर्धं लावून आत काम करत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"टोचतेय का कुठे?" भाच्याने विचारलं.

"नाही हो. छान बसलीय. पण हे मला ओळखत नाहीत."

काकूंच्या यजमानांना, आमच्या रस्त्याच्या घड्याळजींना, दोन वर्षांपासून विसर पडत चालला होता. मुलीचं नाव जायचं, घर विसरायचे, पण काकूंना कधी विसरले नव्हते. दात काढल्यावर काकू तोंडावर रुमाल धरूनच घरात वावरत होत्या, तेव्हाही नाही. नवीन दात लावून त्या घरी गेल्या, त्यांच्याकडे बघून हसल्या, आणि ते उठून उभे राहिले. खुर्ची पुढे केली. म्हणाले, "बसा. ती येईलच एवढ्यात."

"आणि तेव्हापासून दाराशी बसून माझी वाट बघतात," काकू म्हणाल्या. "मी घास पुढे केला की म्हणतात, तुम्ही कशाला त्रास घेता."

"मग घरात कवळी काढून ठेवा थोडे दिवस," भाचा म्हणाला.

"काढली की बोळकं. त्याला तर घाबरतात."

मुलगी म्हणाली, "डॉक्टर, आठ दिवसांत बाबा पोटभर जेवलेले नाहीत. मी एका संस्थेत खोली बघितलीय. तिथे निदान परकी माणसं परकी म्हणून तरी भरवतील. एक तारखेला न्यायचं ठरवलंय."

"तुझं तू ठरवलंयस," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण माझ्या हातातली कवळी घासायची पट्टी थांबली.

ताईंनी विचारलं, "तुमचे आधीचे दात कसे होते?"

"वाकडे होते. आणखी काय सांगू? पुढचा एक वाकडा होता."

"कुठल्या बाजूचा? कसा वाकडा?"

काकूंनी बोट ओठापाशी नेलं, डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली घेतलं. "आरशात एका बाजूला दिसायचा. आता नाही सांगता येत."

मुलीलाही बाजू नक्की सांगता येईना. फोटो? एकाही फोटोत दात नव्हता. त्या दाताच्या लाजेने काकू जन्मभर तोंड मिटून फोटोला उभ्या राहिल्या होत्या.

ताईंनी खुर्ची काकूंच्या जवळ ओढली. मग म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडे आला होतात. खिडकीपाशी बसला होतात. कधी ते आठवत नाही."

"हिच्या लग्नाच्या आधी. दात सरळ करून घ्यावा म्हणून."

तेव्हा मी बाहेर आलो. एवढ्या लोकांसमोर का आलो ते मलाच कळलं नाही. म्हणालो, "यांच्या दातांचा तेव्हाचा साचा होता. माळ्यावर ओल आली तेव्हा जुने साचे मीच फेकून दिले."

"साचे फेकलेत," ताई म्हणाल्या. "वह्या?"

भाचा शिडी लावून माळ्यावर चढला. मुलीने लग्नाचं साल सांगितलं. चार रजिस्टरं खाली आली, धुळीने त्याचा शर्ट पांढरा झाला. मी, भाचा आणि मुलगी पानं उलटत बसलो आणि ताई डोळे मिटून खुर्चीत. दुसऱ्या रजिस्टरात भाच्याला सापडलं. त्याने उजवीकडचं पान मोठ्याने वाचलं.

'वरचा डावा पटाशीचा दात उजव्यावर नखभर चढलेला, थोडा बाहेर वळलेला. हसू फुटताना आधी तोच दिसतो. त्याच्या कडेला बारीक खाच, दोरा तोडून तोडून. म्हणतात, मुलीच्या लग्नात लोकांसमोर लाज नको. यजमान बाहेर उभे होते, आत बोलावलं. म्हणाले, मला तर आधी तो दातच दिसला होता, बाकी बाई नंतर. दोघं हसली. दात तसाच ठेवायचा ठरलं.'

शेजारी ताईंनी पेन्सिलीने दाताचं चित्र काढलं होतं, खाचेसकट.

काकूंनी वही मागून घेतली. वाचली नाही, नुसतं चित्र बघितलं. "हाच," म्हणाल्या.

भाचा हळूच म्हणाला, "मावशी, मुद्दाम वाकडा दात बसवायचा? आपल्या दवाखान्याचं काम म्हणून लोक बघतील."

"बघू देत की. मिस्त्री, जमेल?"

जमेल असं मी म्हणालो खरा. उभ्या आयुष्यात दात सरळ बसवायची हाताला सवय. वाकडा बसवला की अंगठा आपोआप त्याला ओळीत ढकलायचा. पहिल्या दिवशी दात जास्तच वळला, काकू भांडखोर दिसू लागल्या. दुसऱ्या दिवशी ताई त्यांचा दिवस नसताना आल्या, भिंग लावून चित्र आणि मेण आलटून पालटून बघत माझ्याशेजारी बसल्या. "नखभर लिहिलंय, मिस्त्री. तुमचं नख नव्हे, माझं," म्हणाल्या. त्यांचं बोट मी मेणाशेजारी ठेवून बघितलं. खाच मी कानशीने केली, शेवटी.

कवळी तयार झाली तेव्हा महिना संपायला तीन दिवस होते. ताईंनी घड्याळजींनाही सोबत आणायला सांगितलं होतं. ते बाहेरच्या बाकावर मुलीजवळ बसले, हातात टोपी, डोळे दाराकडे. आत काकूंनी कवळी बसवली. आरसा घेतला नाही. बाहेर गेल्या. आम्ही तिघं दारात उभे राहिलो, भाच्याच्या हातांत रबरी हातमोजे तसेच.

घड्याळजींनी वर पाहिलं. काकू हसायला विसरल्या असाव्यात, त्या नुसत्या उभ्या होत्या. ते पुन्हा दाराकडे बघायला लागले.

"अहो," काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना हसू आलं की रडू आलं ते मला सांगता येणार नाही, पण ओठ उघडले.

ते बघत राहिले. मग टोपी डोक्यावर ठेवत उठले. "किती उशीर," म्हणाले. "भूक लागलीय मला."

काकूंनी त्यांचा हात धरला.

पायरीपाशी ते थांबले आणि काकूंना सांगू लागले, "आपल्याकडे एक बाई येऊन गेल्या. रोज यायच्या. फार चांगल्या होत्या हं स्वभावाने."

"हो का? काय म्हणत होत्या?"

"काही नाही. तुझीच वाट बघत बसायच्या माझ्याबरोबर."

दोघं रस्त्याला लागली. मुलगी मागे राहिली होती. तिने पर्समधून फोन काढला, भिंतीकडे तोंड केलं आणि संस्थेतल्या माणसाला सांगितलं, की ती खोली आता दुसऱ्या कुणाला द्या.